बापाची खाट

आगोस्तिनोनं बापाच्या काखेत हात घालून त्याला खाटेवरून उचललं, तसा धाकटा कोझिमो चाकांची खुर्ची लाथेनं उडवून मधे आला.

"ठेव खाली! बाबा हे आपलं कालाब्रिया सोडून कुठंही जायचे नाहीत."

"मग इथं सरकारी इस्पितळात सडू देत? उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला, आता थंडीच्या तोंडावर ऑलिव्हं उतरवायची वेळ झाली, तरी अजून त्याच गादीवर! आमच्याकडं उत्तरेत, बेर्गामोला खासगी दवाखान्यात आठवड्यात माणूस उभा करून घरी धाडतात."

"उभा करून नव्हे, हाकलून. खाट पुढच्या गिऱ्हाइकाला हवी असते."

"आणि तू इथं का ठेवलंयस, ते सांगू? घरी नेलं की धुवायला लागेल त्यांना."

कोझिमोचा ठोसा थेट नाकावर बसला. आगोस्तिनोच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. बापाला गादीवर टाकून त्यानं भावाची मानगूट धरली, भिंतीवर आदळलं, पुन्हा आदळलं. खिडकीच्या लोखंडी कडेनं कोझिमोचा कान फाटला. चादरीवर रक्त उडालं.

"जनावरं आहात का रे?" नर्स रोझाल्बा धावत आली.

बाप बघत होता. वाचा गेली होती. उजवा हात तेवढा चालायचा. याच हातानं त्यानं लहानपणी दोघांना पट्ट्यानं फोडून काढलं होतं. आता तो खाटेच्या गजावर आवळला होता.

"बाबा, माझ्याकडं यायचंय ना?" नाकातलं रक्त गिळत आगोस्तिनो वाकला आणि एकेक बोट सोडवू लागला.

बाप त्याच्या मनगटाला कडकडून चावला.

"बघितलंस?" कोझिमो हसला. कान दाबत जवळ आला. "चला बाबा, आपल्या घरी."

बापानं भिंतीकडं तोंड फिरवलं. बोटांची पेरं पांढरी पडली.

कोझिमोचं हसू ओसरलं. रोझाल्बानं बापाचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं, तेव्हा मात्र त्यानं मान सैल सोडली, तान्ह्या मुलासारखी.

दोघं भाऊ दाराशी उभे राहिले.

"टाके पडतील तुला," आगोस्तिनो म्हणाला.

"तुलाही, मनगटाला. खाली तातडीच्या विभागात ही लांब रांग आहे. संध्याकाळ होईल."

"होऊ दे."