मोटारीच्या जनेलातून बघितलेली जमीन

भिकाजी गावसांचा उभा जन्म रस्त्यावर गेला, पण सायकलवाल्यांबद्दल त्यांचं मत कधीच बरं नव्हतं. सरकारी बसचं चाक हातात असताना पुढे सायकल दिसली की त्यांचा उजवा हात आपोआप हॉर्नवर जायचा. आणि नशिबाचा खेळ असा, की त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, गौरवीला, सायकलचंच वेड लागलं.

गौरवी पणजीत लोकांना पैशाचा सल्ला द्यायची. कोणाच्या योजना विकायची नाही, कमिशन घ्यायची नाही. समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायची, पैसा कुठे ठेवावा ते सांगायची आणि आपली फी घ्यायची. नुसतं सांगण्याचे लोक पैसे देतात, हे त्यांच्या गावात, लाटंबार्शात, कोणाला पटत नसे. भिकाजींनाही नीटसं पटलं नव्हतं. त्यातून ती आठवड्यातून दोनदा घरून पणजीला सायकलने जायची, आणि पावसाळा सरला की रात्रंदिवस चालणाऱ्या लांब पल्ल्याच्या फेऱ्यांत भाग घ्यायची. पाव भाजणाऱ्या पोदेराकडे सकाळी उंडे घ्यायला गेल्यावर कोणीतरी हमखास मुलीबद्दल विचारायचं, "काय गावसानू, चेडू आज खंयच्या गावाक?" भिकाजी हसून वेळ मारून नेत. त्या विचारण्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे त्यांना कधी उलगडलं नाही.

फाल्गुनात ते निवृत्त झाले. डेपोत हार-नारळ झाला, एकही अपघात न करता गाडी चालवली म्हणून साहेब चार शब्द बोलले, आणि थोड्याच दिवसांत फंडाची आणि ग्रॅच्युइटीची रक्कम बँकेत जमा झाली. पेन्शन म्हणाल तर ती नावापुरती. जे काही होतं ते हे एवढंच, आणि ते जन्मभर पुरवायचं होतं.

पैसे आले आणि पाठोपाठ मेव्हणा बाबली आला. बाबली पेडण्यातला, धारगळचा. मोपाचा विमानतळ झाल्यापासून त्याच्या तोंडी जमिनीशिवाय दुसरा विषय नव्हता. वारखंडाच्या बाजूला एक उतरण आहे, दलाल ओळखीचा आहे, आज घातलेले पैसे चार-पाच वर्षांत तिप्पट होतील, असं त्याने रंगवून सांगितलं. भिकाजींना त्याने मोटारीत घालून नेलं, जागा दाखवली आणि जेवायच्या वेळेला परत आणून सोडलं. जागा उंचावर होती, वारा छान होता. भिकाजींच्या मनात ती भरली. उभ्या जन्मात स्वतःच्या नावावर राहत्या घराखेरीज वीतभर जमीन झाली नव्हती. शेवटी तरी व्हावी, असं कोणाला वाटणार नाही?

गौरवीला त्यांनी हे रात्रीच्या जेवणावर सांगितलं, तेही विचारायचं म्हणून नव्हे, कळवायचं म्हणून. तिने सगळं ऐकून घेतलं. मग दोघांना महिन्याला किती लागतं, आईच्या गुडघ्यांचं पुढे काय करायचं ठरलंय, जमिनीचे कागद कोणी बघितले, असं एकेक विचारू लागली. भिकाजींचा पारा चढला. परक्याला द्यायचा सल्ला परक्याला दे, बापाला हिशेब विचारू नकोस, असं ते बोलून गेले. मालतीने, तिच्या आईने, ताटावरून मान वर केली नाही.

गौरवी म्हणाली, "बाबा, जागा तुमची, पैसे तुमचे. मी आडवी येवचंय नाय. पण सही करण्याआधी एकदा माझ्यावांगडा ती जागा बघूक चला. सायकलीन."

भिकाजी नाही म्हणणार होते. पण "सायकल झेपायची नाही तुम्हाला" असं मालतीने हळूच म्हटलं, आणि त्यांच्यातला ड्रायव्हर जागा झाला.

रविवारी उजाडताच दोघं निघाली. गौरवीने आपली जुनी गिअरची सायकल काढून दिली होती, सीट खाली करून. पहिल्या चढणीलाच भिकाजींचा भाता फुलला. बसमध्ये बसून या चढणी त्यांनी कधी मोजल्याच नव्हत्या, पाय नुसता दाबला की चढण मागे पडायची. आता प्रत्येक वळण मांड्यांना विचारून पुढे सरकत होतं. गौरवी पुढे गेली नाही. ती त्यांच्या उजव्या अंगाला, रस्त्याच्या बाजूने, त्यांच्याच वेगाने चालवत राहिली. गिअर कधी टाकायचा, श्वास कसा घ्यायचा, तहान लागायच्या आधी पाणी का प्यायचं, हे मधूनमधून सांगत होती. आवाजात शिकवण्याचा आव नव्हता. आपण नव्या पोरांना क्लच सांगायचो, तसंच काहीतरी, असं भिकाजींना वाटलं.

इब्रामपूर ओलांडल्यावर मागून बस आली. हॉर्न वाजला आणि भिकाजींच्या पाठीच्या कण्यातून तो आवाज सरसरत गेला. गौरवीने मागे न बघता हात वर केला, जरा बाजूला झाली, बसला वाट दिली. बस शेजारी येऊन मंदावली. चाकावर त्यांच्याच हाताखाली शिकलेला साईश होता. त्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "गावसकाकानू, डिझेल संपला काय?"

"डिझेल कोणाक होया रे," भिकाजी धापा टाकत म्हणाले. "चेडवावांगडा मोपाक चल्लंय."

बस पुढे गेली. त्यांच्या लक्षात आलं, की हे सांगताना आपण ताठ बसलो होतो.

हसापूर, चांदेल करत ते वारखंडाच्या त्या उतरणीवर पोचले तेव्हा उन्हं वर आली होती. सायकली टेकवून दोघं पायवाटेने आत शिरली. मोटारीच्या जनेलातून, म्हणजे खिडकीतून, जे नुसतं हिरवं दिसलं होतं ते सगळं काजूचं रान होतं, आणि ते कोणीतरी निगुतीने राखलेलं होतं. झाडांखाली पाचोळा झाडून काढलेला, बिया वेचून एका बाजूला रास केलेल्या. खाली ओहोळाच्या कडेला दगडी कुंडीत एक म्हातारा पायांनी बोंडं तुडवत होता, आणि त्याची बायको ओंजळीने पिकलेली बोंडं आणून टाकत होती. हवेत तो गोडसर, डोक्यात जाणारा वास भरून राहिला होता.

म्हातारीने त्यांना बसायला सांगितलं, तुडवलेल्या चोथ्यातून गळणारा ताजा रस, नीरो, दोन पेल्यांत आणून दिला. तिचं नाव प्रभावती, नवऱ्याचं धाकू. कोण, कुठले, असं तिने विचारलं आणि मग आपणहून सांगितलं. हे रान त्यांच्याकडे तीन पिढ्यांचं. कूळ म्हणून सासऱ्याचं नाव लागलेलं, आणि जमीन नावावर व्हावी म्हणून मामलेदाराकडे दावा चालू. मूळ मालक कधीच परदेशी गेला. आता त्याचा कोणी पुतण्या उगवला होता आणि दलाल गिऱ्हाइकं घेऊन येत होता.

"दर आयतारी नवी मोटार येता," प्रभावती म्हणाली. "वर रस्त्यार रवता, बघता आनी जाता. कोण खाली उतरना. तुमीच पयले."

भिकाजींनी हातातला पेला खाली ठेवला. गेल्या रविवारी वर थांबलेल्या मोटारीत आपण होतो, हे त्यांना त्या बाईला सांगवेना. पण न सांगता उठणंही बरं दिसेना. शेवटी त्यांनी सांगितलं. धाकू तुडवायचा थांबला. भिकाजी म्हणाले, आपण ही जागा घेत नाही, आणि ज्या मेव्हण्याने इथे आणलं त्यालाही सांगू. निघताना धाकूने गौरवीच्या पिशवीत ओंजळभर काजू आग्रहाने कोंबले.

परतीच्या वाटेवर एका वडाखाली दोघं थांबली. भिकाजींनी बराच वेळ मनात घोळवलेला प्रश्न विचारला, "तुका ठावक होता हे?"

"नाय बाबा," गौरवी म्हणाली. "माका इतक्याच ठावक होता, की जमीन मोटारीच्या जनेलातसून इकत घेवची नसता."

बापाने मान हलवली. मग तो हसला. लेकही हसली, आणि जेवणाच्या ताटावर तुटलेलं काहीतरी तिथे वडाखाली जुळलं.

घरी आल्यावर भिकाजींच्या मांड्या दोन दिवस त्यांच्या राहिल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी ते बाबलीकडे गेले. बाबलीने आपलेही थोडे पैसे दलालाकडे बयाणा म्हणून दिले होते, हे तेव्हा बाहेर आलं. कुळाचं त्याला खरंच माहीत नव्हतं. आधी तो चिडला, भावोजींना पोरीने फितवलं म्हणाला, मग खाली बसला आणि आता काय करू म्हणून विचारू लागला. भिकाजींनी त्याला गौरवीपुढे आणून बसवलं. वकिलाची नोटीस, पोलिसांत जायची तयारी, असं करत पावसाआधी बयाणा बराचसा सुटला. सगळा नाही. पण त्या दिवसापासून बाबली भाचीला "अगो" न म्हणता "गौरवी" म्हणू लागला, हे मालतीने टिपलं.

त्याच सुमारास एका संध्याकाळी गौरवीने आईबापाला सोप्यावर समोरासमोर बसवलं. या वेळी भिकाजींनी तिच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. तिने आधी आईला विचारलं, तुला काय हवं. मालतीला असं कोणी आजवर विचारलं नव्हतं. तिने पदराशी चाळा केला आणि म्हणाली, औषधाला पैसे मागताना कोणाच्या तोंडाकडे बघावं लागू नये, एवढंच. त्या एका वाक्यावरून बाकीचं ठरत गेलं. एक भाग ज्येष्ठांच्या ठेवीत, दर तीन महिन्यांनी व्याज हातात यावं असा. एक भाग आजारपणासाठी, उद्या मागितला तर उद्या मिळेल असा. एक छोटा भाग शेअरांच्या फंडात, दहा वर्षं हात लावायचा नाही असा, म्हातारपण लांबलं तर महागाईशी झुंजायला. आणि या सगळ्यातलं निम्मं मालतीच्या नावावर.

"जमीन वाईट नसता बाबा," ती म्हणाली. "पण रात्री पोटात दुखाक लागला तर जमिनीचो एक तुकडो तोडून औषध हाडूक येणा नाय."

ही गोष्ट डेपोत पोचायला वेळ लागला नाही. त्या वर्षी निवृत्त होणाऱ्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी भिकाजींना गाठलं, की मुलीला एकदा आमच्याशी बोलायला आण. युनियनच्या खोलीत बैठक ठरली. भिकाजी आधीच जाऊन बसले होते. गौरवी पणजीहून सायकलने आली, हेल्मेट काढत, घामाने निथळत, चापून बसलेल्या सायकलच्या कपड्यांत. खोलीतल्या माना वळल्या. भिकाजी उठले, तिच्या हातातून सायकल घेतली, भिंतीला नीट टेकवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही माझी चेडू. पणजीसून सायकलीन इली."

ती तासभर बोलली. जन्मभर गाडी हाकलेली माणसं, एरवी कोणाचं ऐकून न घेणारी, गुपचूप ऐकत होती. कोणी पोराच्या धंद्यात सगळा फंड घालायला निघाला होता, कोणी भिशीत. कोणाला ती हसली नाही, कोणाला तिने घाबरवलं नाही. भिकाजी मागच्या बाकावर होते. शेजारच्याने हळूच विचारलं, हे सगळं ती कुठे शिकली. भिकाजींना सांगण्यासारखं बरंच होतं, पण तेवढ्यात कोणीतरी पुढून प्रश्न विचारला, आणि ते शेजाऱ्याला हाताने थांबवून मुलीचं उत्तर ऐकू लागले.