आईचा भाकरीचा वर्ग

आई गेल्यावर पाटोद्याच्या महिला सहकारी संस्थेने तिचा स्वयंपाकवर्ग मला दिला. शिकवायला कोणी मिळालं नसतं, तर तो बंदच झाला असता. दुष्काळामुळे ज्वारी जुनीच मिळाली होती. मी फळ्यावर पीठ-पाण्याचं माप लिहिलं. सगळ्यांच्या भाकरी थापतानाच फाटल्या.

"ताई, आता फळाच भाजायचा का?" विद्यार्थिनींपैकी छबुबाई म्हणाल्या. "जुन्या पिठाला चिकटपणा ऱ्हात न्हाई. तुमच्या आई उकळतं पाणी घालायच्या."

"मला कधी बोलली नाही."

"तुमी कवा चुलीपाशी बसलता?"

त्यांनी पीठ मळलं, भाकरी थापली. ती तव्यावर टम्म फुगली.

मी संस्थेला कळवलं, वर्ग चालू राहील, छबुबाई शिकवतील. विद्यार्थिनींच्या यादीत शेवटी माझं नाव घातलं.