धुतलेला पडदा

ज्या बॅले कंपनीत प्रमोदिनीनं पंधरा वर्षं पाय झिजवले, ती बंद पडली तेव्हा तिच्यासाठी कुणी हळहळलं नव्हतं. आता छप्पन्न साली मात्र ठाण्यातल्या मंडळींना तिचा एकदम उमाळा आला. कंपनी निघाली त्याला पंचवीस वर्षं झाली म्हणे. शाळेच्या सभागृहात तिचे पडदे, मुखवटे, पोशाखांची चित्रं मांडायची ठरली. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय!

कंपनीचे जुने व्यवस्थापक हरिहरपंत त्यासाठी डोंबिवलीला घरी आले. "महिपतराव, तुमचा तपोवनाचा पडदा हवाय. मोठमोठ्या चित्रकारांनी आपले पडदे रंगवले, पण सगळे गोदामात कुजले हो. उरलाय तो तुमचा एकट्याचा."

महिपत, म्हणजे प्रमोदिनीचा नवरा, आता दुकानांच्या पाट्या रंगवत असे. हे ऐकून एखादा खूश झाला असता. तो नुसता बायकोकडे बघत राहिला, कारण त्या पडद्यावर जया होती.

जया त्यांची एकुलती एक. कंपनीच्या बिऱ्हाडातच वाढली, हरणाचं पाडस होऊन नाचली आणि सातव्या वर्षी दौऱ्यावरच विषमज्वरानं गेली. तिचा फोटो म्हणावा असा एकच, आणि त्यातही तोंडावर पाडसाचा मुखवटा. पण तपोवन रंगवताना झाडाला पाणी घालणारी मुलगी हवी, म्हणून महिपतनं लेकीला दिव्यापुढे उभं केलं होतं आणि कापडावर पडलेल्या सावलीच्या कडेनं कोळसा फिरवला होता. रंग मागाहून भरला, पण कड तिचीच. नाकाचा उचललेला शेंडा, आखूड वेणी, हट्टानं पुढे काढलेलं पोट.

कंपनी बंद पडल्यावर महिपतनं तो मागून आणला, पण एवढा मोठा पडदा एका खोलीच्या बिऱ्हाडात मावेना, म्हणून तो शीळफाट्याजवळच्या गावात नणंदेच्या माळ्यावर गेला. त्यानंतर प्रमोदिनी तो बघायला एकदाही गेली नाही. धीरच झाला नाही तिला. पण तो तिथं आहे, या आधारावर ती आजवर उभी होती. आता प्रदर्शनाच्या निमित्तानं का होईना, जया दिसणार होती. हरिहरपंत गेल्यावर ती मोरीत तोंडात पदर कोंबून रडली आणि मग कितीतरी दिवसांनी गोडाचा शिरा केला.

नणंदेचा मुलगा पोपट भाजी विकायला डोंबिवलीला येई. त्याच्याबरोबर तिनं निरोप धाडला, "पडदा चांगला स्वच्छ करून ठेवा म्हणावं वन्संना. चार मोठी माणसं बघणार आहेत."

धूळ झटकावी, उंदरांच्या लेंड्या झाडाव्यात, एवढंच तिच्या मनात होतं. पण मनातलं सगळं निरोपात थोडंच जातं!

रविवारी दोघं दिवा स्टेशनला उतरून चालत निघाले. महिपत वाटेत चक्क शीळ घालत होता.

नणंद रखमाबाई अंगणातच भेटल्या. सोड्यानं हातांची सालटी निघालेली, पण चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "या वैनी! तुमचा निरोप आला नि दुसऱ्या दिशीच तळ्यावर नेला. काय तो रंग वो, सुटता सुटंना! पोपट नि मी मिळून धोपटला. आता बघा, कसा दुधावानी झालाय."

कुंपणावर पडदा वाळत होता. पांढराशुभ्र.

सरसात कालवलेला तो रंग. पाण्यात धोपटला की सुटायचाच. कंपनीत नवा देखावा काढायचा असला की जुना पडदा धूत, म्हणून एखादा खेळ कायमचा मोडला की सगळे म्हणत, 'त्याचा पडदा धुतला.' प्रमोदिनीनं स्वतः हे शेकडो वेळा हसत हसत म्हटलं होतं.

ती कुंपणाशी गेली. तळहातानं कापड चाचपत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, मग उलट्या बाजूनं परत आली. "इथं होती," ती म्हणाली. "नाही, इथं. डावीकडं झाड होतं ना हो?"



"काय चुकलं का?" रखमाबाईंचा आवाज उतरला. "महिपत, तूच सांगायचास ना रे, पडदे धुत्यात नि त्याच्यावर नवं चित्र काढत्यात? मला वाटलं, आता तू नवं काढनार."

"आक्का, त्यावर जया होती गं."

रखमाबाईंनी दोन्ही हात तोंडावर घेतले. "ती झाडाखालची पोर? आपली जया? आरं, मग मला कुनी सांगितलं का नाय?"

खरंच सांगितलं नव्हतं. नवराबायकोनं आपसातही जयाचं नाव काढायचं सोडून दिलं होतं, तर हिला कोण सांगणार? आणि 'स्वच्छ करा' हा शब्द तर प्रमोदिनीचाच. रागवायलाही माणूस उरलं नव्हतं.

ती चुलीपाशी गेली, विझलेला कोळसा उचलून आणला आणि नवऱ्याच्या हातात कोंबला. "काढा. तुम्हीच काढली होतीत ना? पुन्हा काढा."

"अगं, तेव्हा ती समोर उभी होती."

"काढा म्हणते ना! बाप आहात तिचे!"

तो कुंपणाशी आला. कोळसा कापडाजवळ नेला आणि तिथंच थांबला. मग मान न वळवता त्यानं हळूच विचारलं, "केवढी होती गं ती?"

"इथपर्यंत." प्रमोदिनीनं कापडावर आपल्या कमरेच्या उंचीवर हात ठेवला. "मला बिलगली की डोकं इथं लागायचं."

"नाही गं. याहून उंच होती." त्यानं वीतभर वर हात ठेवला. "शेवटी शेवटी तर इथं यायची."

"मी आई आहे. मला माहीत नाही?"

त्यानं हात काढला नाही. वाऱ्यानं कापड फुगलं, तसे दोघांचे हात त्याबरोबर हलले. रखमाबाई उंबऱ्यात बसून रडत होत्या. प्रमोदिनीनं एकदा नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं, एकदा आपल्या. मग तिचा हात कापडावरून हळूहळू वर सरकू लागला, आणि तो कुठे थांबवायचा ते तिला कळेना.