भिंतीकडे वळवलेली मान

मित्रांनो, टेबलाची कड चिमट्यात घट्ट धरून उभा असलेला, लांब मानेचा मोबाइल स्टँड तुम्ही कुठंतरी पाहिलाच असेल. मी तसलाच एक, आता बराच जुना झालेला चार्जिंग स्टँड आहे. माझ्या मानेत तारेचं वेटोळं आहे, वर काळं रबर आहे आणि आतून चार्जिंगची वायर जाते. मान वळवाल तिकडं वळते आणि तिथंच थांबते. या गुणाचा मला फार अभिमान होता.

कुठल्याशा कारखान्यात माझा जन्म झाला. पुढं उस्मानपुऱ्यातल्या एका दुकानात मी काचेआड धूळ खात पडलो होतो. तिथून दीपमालानं मला बजाजनगरच्या आपल्या खोलीत आणलं. ती मोबाइलवर लाईव्ह करून साड्या विकायची. माझ्याआधी तिचा फोन पिठाच्या डब्याला टेकलेला असायचा. तो मधेच घसरायचा, नाहीतर ऐन गिऱ्हाइकीत त्याची बॅटरी संपायची. मी आलो आणि दोन्ही अडचणी मिटल्या. "हा आला नि माझे दोन्ही हात मोकळे झाले," असं ती शेजारणींना सांगायची, तेव्हा मी अगदी ताठ उभा राहायचो.

तिचा नवरा सुदर्शन वाळूजच्या एका कंपनीत कामाला होता. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात तोही घरी बसला. दुसरीकडं काम मिळेना. तेव्हा दीपमालानंच त्याला साडीला पिको-फॉल करायला शिकवलं. लोखंडाची सवय असलेले त्याचे हात सुरुवातीला सुया मोडायचे. हळूहळू टाका बारीक पडू लागला, सरळ पडू लागला. पण मित्रांनो, या कामाची त्याला फार लाज वाटायची. लाईव्ह सुरू व्हायच्या आधी तो उठायचा आणि माझी मान दीपमालाच्या मागच्या कोऱ्या भिंतीकडे वळवायचा, म्हणजे खिडकीजवळचं शिलाई मशीन फोनमध्ये दिसायचं नाही. मग माझ्याच पायाशी जमिनीवर बसून, मांडीवर साडी घेऊन तो हातानं फॉल टाचायचा. मला तो दिसायचा. साड्या बघणाऱ्यांना दिसायचा नाही.

कन्नडकडच्या गावी त्याची आई असायची, सरूबाई. तिला त्यानं नोकरी गेल्याचं कळवलंच नव्हतं. तिचा फोन आला आणि मागं मशीनची घरघर ऐकू गेली, की तो कंपनीतच असल्याचं सांगायचा. तिला ते खरं वाटायचं. फोन ठेवल्यावर तो कितीतरी वेळ मशीनला हात लावायचा नाही.

एका संध्याकाळी लाईव्हमध्ये कुणा बाईनं विचारलं, एवढा सुबक फॉल लावतं कोण? दीपमालानं खाली नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं घाईघाईनं नकाराची मान हलवली. मग तिनं सांगून टाकलं, "गल्लीतली एक बाई हाय. लई गरीब हाय बिचारी." सुदर्शनची सुई बोटात घुसली. त्यानं बोट चोखलं आणि पुढचा टाका घातला.

सरूबाई गावी पुतण्याच्या फोनवर सुनेचं लाईव्ह न चुकता बघायची. काही दिवसांनी गावाकडून येणाऱ्या माणसासोबत तिनं ज्वारीचे पापड आणि कुरडयांची पिशवी धाडली. निरोप होता, हे त्या फॉलवाल्या बाईला द्या. सुदर्शननं ती पिशवी उघडू दिली नाही. माळ्यावर टाकून दिली. त्या दिवशी तो धड जेवलासुद्धा नाही. दीपमाला म्हणाली, आता तरी आत्याबाईंना सांगून टाका. त्यानं ऐकलं नाही.

आणि एक दिवस सरूबाई स्वतःच आली. न कळवता, लाईव्ह चालू असताना. दार लोटलेलंच होतं. ती आत आली तशी दीपमालानं घाबरून फोनवर तळहात ठेवला आणि लाईव्ह बंद केलं. सुदर्शन तसाच जमिनीवर होता, मांडीवर कुणाची तरी जांभळी साडी.

"ती बाई कुठंय?" सरूबाईनं विचारलं. तिच्या हातात खण-नारळ होता.

"आज आली नाय ती, माय," तो म्हणाला.

मित्रांनो, आईच्या तोंडावर बोललेलं ते खोटं ऐकून माझंच डोकं खाली गेल्यासारखं मला झालं.  सरूबाई त्याच्यासमोर बसली आणि हळूहळू सांगू लागली. "इतके दिस बघते, दीपमाला त्या बाईच्या कामाचं कौतुक करती, पर तिचं नाव कवाच घेत नाय. गरीब झाली म्हणून काय झालं, तिला नाव नाय का? मला ते बरं वाटलं नाय, म्हणून आले."

बोलता बोलता तिची नजर त्याच्या बोटाला गुंडाळलेल्या चिंधीवर गेली. मग सुईवर गेली. तिथंच थांबली.

सुदर्शननं मान खाली घातली. "ती बाई म्हणजे मीच हाय, माय. कंपनी कवाच सुटली."

 मग सरूबाईनं खण-नारळ उचलून त्याच्या मांडीवरच्या साडीवर ठेवला. "जिच्यासाठी आणलं, तिलाच दिलं," ती म्हणाली. "टाका चांगला हाय तुझा. पर लेकरा, मला परकं केलंस." हे ऐकल्यावर त्याला वर बघवेना. साडीला डाग पडू नये म्हणून त्यानं डोळे बाहीला पुसले.

दुसऱ्या दिवशी दीपमालानं लाईव्हमध्ये सांगितलं, फॉल आमचे हे लावतात, त्यांचं नाव सुदर्शन. माझी मान तिनं त्याच्याकडं वळवली. काही जणांनी हसऱ्या तोंडांची चित्रं पाठवली. एकदोन त्याच्याच कंपनीतले होते. सुदर्शनचे कान लाल झाले. तरी तो उठून गेला नाही. लाज एका दिवसात जात नाही, मित्रांनो. पण त्या दिवशी त्यानं ती जांभळी साडी पुरी केली.

आता माझी मान सैल झाली आहे. रोज एकाच जागी पिरगाळल्यामुळं आतली तार थकली आहे. सुदर्शननं तिथं चिकटपट्टी गुंडाळली आहे. तुमच्याकडं माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला दोन्ही हातांनी, हळू वळवा. वायर हिसडू नका. आणखी एक विनंती आहे. आम्ही वळवाल तिकडं वळतो, आम्हाला नाही म्हणता येत नाही. तेव्हा घरात कष्ट करणारं माणूस दिसू नये म्हणून आमची मान कधी वळवू नका. तार थकते ती थकतेच, पण त्याहून जास्त ते पायाशी बसलेलं माणूस थकतं. मी ते फार जवळून पाहिलं आहे.