बटणावरची रोजंदारी

पोकरच्या रोख खेळात ब्लाइंड चोरणं परवडतं का, असं कोणी विचारलं तर मी सरळ नाही म्हणतो. मी पत्ते वाटून पोट भरतो, स्वतः खेळत नाही. त्यामुळे माझं मत फुकट मिळतं आणि फुकटचं म्हणून कोणी ऐकत नाही.

प्रकार साधा आहे. दर डावात दोघांना पत्ते बघण्याआधीच थोडे पैसे मध्ये ठेवावे लागतात, ते ब्लाइंड. त्यांच्या अलीकडे जो बसतो त्याच्यापुढे एक पांढरी चकती असते, तिला बटण म्हणतात. डाव संपला की ती एक खुर्ची पुढे सरकते. बाकीच्यांनी पत्ते टाकले की बटणावरचा माणूस हातात काही नसतानाही मोठी बोली लावतो. ब्लाइंडवाले दोघे दचकून पत्ते टाकतात आणि मधले पैसे याच्या खिशात; हेच ब्लाइंड चोरणं. स्पर्धेत ब्लाइंड वाढत जातात, तिथे असं केल्यावाचून जगता येत नाही. रोख खेळात ते आहेत तेवढेच राहतात. कोणी उलट बोली लावून अडवलं की माणूस इरेला पेटतो आणि पैशांच्या जागी वापरायच्या दोन-तीन चिप्ससाठी पुढ्यातला अख्खा ढीग घालवून बसतो. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता कीवही येत नाही, रागच येतो.

भावोजींचं मात्र चालत होतं.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. लिफ्ट मेकॅनिक. दुरुस्ती करताना उजव्या हाताची दोन बोटं तारेच्या दोरात गेली. कंपनीने बोटांचे पैसे दिले आणि काही महिन्यांनी कामावरूनही काढलं. पहिली गोष्ट ताईला माहीत होती, दुसरी नव्हती. भावोजी रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडत आणि दुपारी टायरच्या दुकानावरच्या आमच्या क्लबात येऊन बसत. बोटांचे पैसे ताईच्या हिशेबी बँकेत होते. खरं तर ते चिप्स होऊन भावोजींच्या पुढ्यात रचलेले असत.

नात्यातल्या माणसाला पत्ते वाटायचे नाहीत, असा क्लबचा नियम आहे. मालकाला मी नातं सांगितलं नव्हतं. टेबलावर ते लिफ्टवाले आणि मी डीलर. ताईला सांगायचं धाडस मला होत नव्हतं. संसार तिचा, आपण कशाला आग लावायची, अशी मी स्वतःची समजूत घालत असे. समजूत घालण्यात मी तरबेज आहे.

एकदा जिन्यात मी त्यांना अडवलं.

"भावोजी, हे किती दिवस चालणार?"

"चालतंय तोवर. दिवसाची मजुरी सुटली की मी उठतो. पगाराच्या तारखेला तुझ्या ताईच्या हातात पगार पडतो की नाही?"

"कोणी एकदा अडवलं तर सगळं जाईल."

"कोण अडवणार? माझ्या डावीकडचे डॉक्टर? काकू?" ते हसले. "अरे, लिफ्टच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस मी. डॉक्टर खोकले की समज, पत्ते टाकणार. काकू चिप्स चाळायला लागल्या की त्या गेल्याच. आणि मध्ये पानं उघडायच्या आतच डाव संपतो, म्हणजे तुमच्या मालकाला डावातला वाटाही द्यावा लागत नाही. मला माणसं वाचता येतात, हे आधी कळलं असतं तर बोटं तरी वाचली असती."

ते स्वतःच्या विनोदावर मोकळेपणी हसले. अपघातानंतर त्यांचा चेहरा इतका फुललेला मी पहिल्यांदाच बघत होतो.

त्यांच्या डावीकडे लाँड्रीवाल्या काकू बसत आणि पलीकडे डॉक्टर. डॉक्टर निवृत्त दंतवैद्य होते. बटणावर भावोजी आले की ब्लाइंड या दोघांचे. दुसरा कोणी चोरायला गेला की डॉक्टर त्याला दाढ उपटावी तसा सोलून काढत. काकूही काही भोळ्या नव्हत्या. भावोजींपुढे मात्र दोघं गोगलगाय होत. हे मला खटकत असे. पण सुरळीत चाललंय ना, मग कानाडोळा केलेला बरा.

त्या दुपारी टेबल भरलेलं होतं. बटण भावोजींकडे आलं, बाकीच्यांनी पत्ते टाकले, भावोजींनी नेहमीसारखी बोली लावली. काकूंनी पत्ते सरकवले. डॉक्टर खोकले आणि त्यांनी आपले पत्ते माझ्याकडे भिरकावले. अलीकडे त्यांचा हात कापत असे. पत्ते चिप्सच्या ट्रेवर आपटले आणि दोन्ही उलटले.

दोन राजे. बदाम आणि किलवर.

दोन राजे हातात असताना शहाणा माणूस घरदार लावेल. मी झटकन पत्ते गोळा केले, पण सगळ्यांनी बघितले होते.

"डॉक्टर," भावोजी म्हणाले, "राजे टाकलेत?"

"दिसलं नाही हो नीट. चष्मा बदलायला झालाय."

कोणी हसलं नाही. काकूंना राहवेना.

"असू द्या हो, लिफ्टवाले," त्या म्हणाल्या. "आमचं काय जातंय एवढ्या तेवढ्याने? घरी बायको आहे तुमच्या. हाताचं असं झालेलं."

त्यांनी हे मायेने म्हटलं. त्याऐवजी थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

भावोजी माझ्याकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"मी पत्ते वाटतो," मी म्हणालो. "बघत नाही."

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मधले पैसे त्यांनी पुढ्यात ओढलेसुद्धा नाहीत, मलाच सरकवावे लागले. पुढचे डाव ते न बघता पत्ते टाकत बसले. उठा, भावोजी, घरी जा, असं मी मनातल्या मनात म्हणत होतो. मोठ्याने म्हणायला हवं होतं.

बटण फिरत पुन्हा त्यांच्याकडे आलं. बाकीच्यांनी पत्ते टाकले. भावोजींनी आपल्या पत्त्यांना हातही लावला नाही. तीन बोटांच्या हाताने आणि धडधाकट हाताने त्यांनी सगळा ढीग पुढे ढकलला.

"ऑल इन."

काकूंनी पत्ते टाकले आणि मान खाली घातली. डॉक्टरांनी आपले पत्ते बघितले, भावोजींकडे बघितलं, मग माझ्याकडे. डीलरने बोलायचं नसतं. मी टेबलाच्या हिरव्या कापडाकडे बघत राहिलो.

"डॉक्टर," भावोजी हळू आवाजात म्हणाले, "पुन्हा भीक घालू नका. खेळा माझ्याशी."

डॉक्टर या खेपेला खोकले नाहीत.

"कॉल," ते म्हणाले. त्यांनी तेवढेच पैसे पुढे सरकवले आणि पत्ते उघडले. नव्वी आणि चौकी. असल्या पत्त्यांवर कोणी दमडीही लावत नाही. हरायच्याच इराद्याने त्यांनी कॉल केला होता, हे मला लख्ख दिसलं. भीकच ती, फक्त मोठी.

भावोजींनी आपले पत्ते उघडले. राणी आणि सत्ती. राणी मोठी, म्हणजे ते पुढे होते. मी एकेक पान उघडत गेलो, कोणाच्याच कामाचं निघेना. शेवटचं पान काढताना मी मनात म्हटलं, काहीही येऊ दे, नव्वी आणि चौकी सोडून काहीही.

बदाम नव्वी आली. डॉक्टरांची नव्व्यांची जोडी झाली.

सगळा ढीग माझ्याच हातांनी डॉक्टरांकडे सरकवायचा होता. ताईचे पैसे. नोकरी होती, सरकवले. डॉक्टरांनी ते तसेच परत लोटले.

"घ्या हो हे. मला काय करायचेत? अहो, मी मुद्दाम..."

"तुम्ही जिंकलात, डॉक्टर," भावोजी म्हणाले. त्यांनी कोट चढवला, रिकामा डबा उचलला आणि ते निघून गेले. जिन्यावर त्यांची पावलं नेहमीसारखीच वाजली. मला पुढचे पत्ते वाटायचे होते. मी वाटले.

संध्याकाळी ताईचा फोन आला. तिचा आवाज इतका सावरलेला होता की मला धडकी भरली.

"ऐक, ह्यांची नोकरी गेली रे. आज काढलं म्हणे. आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. जेवत नाहीत, बोलत नाहीत."

"बरं," मी म्हणालो.

"मी म्हटलं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? आपण रस्त्यावर आलोय का? बोटांचे पैसे आहेत ना बँकेत. इतके महिने एक पैसा मोडला नाही आपण. वर्षभर तरी सहज निघेल. तर ते रडायलाच लागले. लहान पोरासारखे. मी कधी बघितलं नव्हतं रे त्यांना असं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू ये जरा," ताई म्हणाली. "तुझं ऐकतात ते. पैशांची काळजी करू नका, एवढंच समजावून सांग."

"येतो," मी म्हणालो.