फणसाच्या पाटाचे पाय

फ्रँकने फोनच्या कॅमेऱ्यासमोर ती लाकडी पेटी धरली. तिची एक बाजू उभी चिरली होती.

"जो, या म्हातारीचा आवाज गेला," तो म्हणाला. यूसुफला 'जो' म्हणणारा हा एकच माणूस.

पेटी म्हणजे टर्की पक्ष्याच्या शिकारीतला कॉल. चष्म्याच्या घरापेक्षा थोडी लांब, वर एका स्क्रूवर फिरणारं झाकण. झाकणाला खडू फासून ते पेटीच्या पातळ कडेवरून ओढलं की रानटी टर्कीची मादी ओरडते तसा आवाज निघतो, आणि नर झाडीतून बाहेर येतो. अलाबामाचा फ्रँक कुवेतमध्ये मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर होता तेव्हा बनेद अल-गारला यूसुफच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायचा. यूसुफ दापोलीचा, शुवैखच्या एका फर्निचर कारखान्यात सुतार. एका हिवाळ्यात, शुक्रवारच्या सकाळी, दोघांनी यूसुफच्या बाल्कनीत बसून हा कॉल कोरला. वरच्या मजल्यावरचा इजिप्तचा शेजारी "कोंबडी पाळली का?" म्हणून विचारायला खाली आला आणि चहा पिऊन गेला.

"गुडघे संपले, जो. या वसंतात शेवटचं रानात जाणार. दुकानातले कॉल आहेत रे, पण मला आपला बाल्कनीतला आवाज पाहिजे."

रिफायनरीतले नाशिकचे गुरुप्रसाद गुरुवारी ह्यूस्टनला निघणार होते. तिथून फ्रँकला कुरिअर करतो, म्हणाले.

यूसुफने कारखान्यातल्या तुकड्यांपासून सुरुवात केली. साग तेलकट, त्यावर खडू धरेना, झाकण नुसतं घसरे. पाइनचा आवाज पत्र्यासारखा किरटा. बीच कडक, आवाज आतच राही. झाकणाला शिसवी बरोबर होती. अडत होतं ते पेटीपाशी.

पहिली पेटी फणसाची होती. यूसुफच्या बायकोच्या, झुलेखाच्या वडिलांनी लग्नात फणसाच्या पाटांची जोडी दिली होती. कुवेतच्या पहिल्याच उन्हाळ्यात, एसीच्या कोरड्या हवेत, एक पाट मधोमध फाटला. त्याच्या फळीतून पेटी निघाली. तेव्हापासून झुलेखा घरातल्या प्रत्येक लाकडी वस्तूला खोबरेल लावायची. पोळपाट, लाटणं, रवी, काहीच सुटायचं नाही. उरलेल्या पाटावर बसून ती दर शुक्रवारी मासे साफ करी.

"झुलेखा, तो पाट—"

"पाटाला हात लावायचा नाही. अब्बांची तेवढी एकच वस्तू राहिलीय इथं."

 बुधवारी यूसुफने मेरांटीच्या लालसर लाकडाची पेटी बांधली. आवाज तोच नव्हता, पण जवळ जाणारा होता. फ्रँक नाराज होणार नाही, असं मनाशी ठरवून त्याने ती टेबलावर ठेवली.

गुरुवारी कामावरून लवकर परतून त्याने झाकणाला खडू फासला आणि ओढलं. आवाजच नाही. पुन्हा ओढलं. झाकण लोण्यावरून जावं तसं गेलं. त्याने पेटी नाकाशी नेली.

"झुलेखा, याला तेल लावलंस?"

"लावलं ना. इतक्या लांब जायचंय तिला. वाटेत तडकली तर?" ती कौतुकाने म्हणाली, आणि त्याचा चेहरा बघून थांबली. "काय झालं?"

"ती खडखडीत कोरडी लागते गं. बाजू पुठ्ठ्याएवढ्या पातळ. तेल आरपार गेलं."

"मला सांगायचं तरी!"

"तेल लावू नकोस, हे सांगायचं सुचलंच नाही मला."

ती स्वयंपाकघरात गेली. बाहेर आली ती पाट घेऊन. तो तिने यूसुफच्या पुढ्यात ठेवला.

"काप."

"राहू दे. वर्षानुवर्षं तेल प्यायलाय तो. त्याचीही तीच गत होईल."

झुलेखाने पाट उलटा केला. खाली दोन्ही टोकांना आडवे, जाड पाय होते. फणसाचेच, फिकट आणि कोरडे. "पायांना कुठं लावते मी? लादीवर डाग पडतात."

यूसुफने बोटाच्या पेराने एका पायावर टकटक केलं. मग दुसऱ्यावर. मग पुन्हा पहिल्यावर.

गुरुप्रसाद आले तेव्हा बाल्कनीत पिवळा भुसा पडला होता. "यूसुफभाई, विमान थांबणार नाही हं माझ्यासाठी," म्हणत ते खुर्चीत टेकले. झुलेखाने त्यांना चहा दिला. यूसुफने एका पायातून कोरलेल्या पेटीची कड घासली, शिसवीच्या झाकणाचा तेलकट थर रंध्याने काढला, स्क्रू बसवला, खडू फासला आणि ओढलं.

आवाज बाल्कनीतून खाली गेला. समोरच्या कठड्यावरची कबुतरं उडाली.

"हाच," झुलेखा म्हणाली. "अख्खा हिवाळा याने डोकं उठवलं होतं माझं." तिने पेटी हातात घेतली, स्वतः एकदा वाजवली आणि मगच गुरुप्रसादांच्या हवाली केली. "फ्रँकना सांगा, तेल लावायचं नाही म्हणावं."

पाट लंगडू नये म्हणून यूसुफने दुसराही पाय काढला. शुक्रवारी झुलेखा पापलेटं घेऊन त्यावर बसली. फळी आता सरळ लादीला टेकली होती.

"उठताना हात द्यायला लागेल तुम्हाला," ती म्हणाली.

"देईन की," यूसुफ म्हणाला, आणि दुसरा पाय कानाशी धरून टकटक करत राहिला.