वाळवंटात कसली आली ओल!

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा कूलर आहे. गोड आठवणी ऐकायला बसला असाल तर खुशाल उठा, माझ्याकडे त्या फारशा नाहीत.

जयपूरच्या आदर्श नगरात एका कारागिराने मला ठोकून ठोकून बनवलं. तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, पोटात पाणी, पुढे पंखा. जयपुरातल्याच मानसरोवर भागातल्या एका घरमालकाने मला भाड्याच्या घराच्या खिडकीत बसवलं. मे महिन्यात मी सुरू झालो की माणसं पुढ्यात येऊन उभी राहायची. "वा, क्या ठंडक है!" मी नुसता फुगून जायचो.

मग बँकेतल्या राजनची रत्नागिरीहून बदली झाली आणि तो या घरात राहायला आला. बरोबर बायको शालिनी आणि आठ वर्षांची वल्लरी. उन्हाळाभर माझे लाड झाले, पण ताट्या बदलायचं कुणाला सुचलं नाही. जुलैत हवा दमट झाली, तरी खिडक्या लावून मला चालूच ठेवलं. अहो, हवा आधीच ओली, त्यात माझी भर! वल्लरीच्या पलंगामागची भिंत काळी पडली. माझ्या ताट्यांना बुरशी धरली, आणि तीच मी पोरीच्या नाकातोंडात फुंकत राहिलो. माझं बटण काही माझ्या हातात नसतं.

वल्लरी खोकायला लागली. मग तिची छाती शिट्टीसारखी वाजू लागली.

"कुबट वास येतोय गं," राजन म्हणाला.

"वाळ्याचा असेल. वाळवंटात कसली आली ओल? ओल काय असते ते रत्नागिरीत बघितलंय मी!" असं म्हणून शालिनीने भिंतीवरच्या डागांवर गणपतीचं कॅलेंडर टांगलं.

एकदा दवाखान्यातून आल्यावर वल्लरी झोपली आणि शालिनी राजनला सांगू लागली, "डॉक्टर विचारत होते, घर में सीलन है क्या? मी म्हटलं, बिलकुल नहीं! घर काय सील करून ठेवलंय? दरवाजा दिनभर खुला रहता है." राजनने फोनमधून डोकं वर न काढता मान डोलावली. मी आतल्या आत ओरडत होतो. कूलरचं कोण ऐकतं?

औषधं बदलत राहिली. एका दुपारी पोरीचे ओठ निळे पडले. तिला उचलून इस्पितळात नेलं.

ती घरी परतली तेव्हा शालिनी फोनवर बहिणीला तीच सीलची गंमत सांगत होती. शाळेत हिंदी शिकलेली वल्लरी धापा टाकत म्हणाली, "आई... सीलन मतलब ओल!"

शालिनीने कॅलेंडर काढलं. मागची भिंत पार काळी झाली होती. "माझ्या हाताने झाकलं मी हे," म्हणत ती खालीच बसली आणि रडली. आठवड्यात ते जयपुरातच दुर्गापुऱ्याला राहायला गेले. जाताना वल्लरीच्या दप्तरात श्वासाचा पंप होता. तो सुटेल की नाही, मला ठाऊक नाही.

मालकाने भिंतीला रंग फासला. माझ्या ताट्यांना हातसुद्धा लावला नाही. नवे भाडेकरू आले, कडेवर तान्हं बाळ. त्या बाईने स्पष्ट विचारलं, "सीलन तो नहीं है?"

"अजी, बिलकुल नहीं! नया पेंट है."

तिला तर शब्दही येत होता. काय उपयोग झाला?

मित्रांनो, तुम्हाला नाक आहे, तोंड आहे. कुबट वास आला तर बोला. मोठे हसले तरी बोला. भिंतीवरचं कॅलेंडर उचलून बघा. कूलरच्या ताट्या काढायला लावा. मला हे काहीच जमत नाही. आत्ताच कुणीतरी माझं बटण दाबलंय, आणि पाळण्यातलं बाळ पहिल्यांदा खोकलंय.